जास्तीचा जोड

माझ्या सासूबाई तळ्याकाठच्या बंगल्यांना चादरी आणि टॉवेल पुरवतात. असं सांगितलं की समोरचा माणूस म्हणतो, "अच्छा, लाँड्री." मी मान डोलावते, कारण समजावून सांगायला वेळ लागतो. लाँड्रीत तुमचे कपडे तुम्हाला परत मिळतात. आमच्या चादरी आमच्याच असतात. सुट्टीला आलेल्या माणसांना त्या चार दिवस द्यायच्या, परत आणायच्या, धुवायच्या, इस्त्री करायच्या आणि पुढच्या पाहुण्यांसाठी अशा घालायच्या की या गादीवर आजवर कुणी बसलंसुद्धा नसेल असं वाटावं.

हे काम सासूबाई शोधायला गेल्या नव्हत्या. माझ्या नवऱ्याची आजी, म्हणजे माझ्या आजेसासूबाई, सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. सासूबाई त्यांना मोठ्या आई म्हणायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा चौथं वर्ष चालू होतं. सासरे तर त्याआधीच गेले होते, त्यामुळे सगळं सासूबाईंच्या एकटीच्या अंगावर. सहा वर्षं रोज दोन-दोन, तीन-तीन चादरी. पण आमच्याकडे आलेल्या माणसाला आतल्या खोलीत कुणी आजारी आहे हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही, इतकं घर स्वच्छ. आजेसासूबाई गेल्या, पाहुणेरावळे परतले, आणि एका सकाळी मी बघते तर सासूबाई धुण्याच्या मशीनसमोर रिकाम्या हाताने उभ्या. मला म्हणाल्या, "आता काय धुऊ गं?"

मी त्यांना पडदे काढून दिले. दुसरं काय करणार.

पडद्यांनंतर सोफ्याची कव्हरं झाली, शेजारच्यांच्या रजयांचे गलेफ झाले. गच्चीवरच्या दोरीवर सतत काहीतरी पांढरं फडफडत असायचं. ते रस्त्यावरून दिसलं एका बाईंना. तळ्याच्या पलीकडे त्यांचे सात लहान बंगले होते, सुट्टीला भाड्याने द्यायचे. आम्ही त्यांना मालकीणबाईच म्हणतो. त्यांनी गाडी थांबवली आणि वर बघून विचारलं, "मावशी, नीळ कुठली वापरता?"

"नीळ नाही. ऊन वापरते," सासूबाई वरूनच म्हणाल्या.

आठवड्याभरात चार बंगल्यांच्या चादरी आमच्याकडे आल्या, वर्षभरात सातही. मग सासूबाईंना त्या जुन्या, करड्या पडलेल्या चादरींचा कंटाळा आला आणि त्यांनी स्वतःचे जोड घेतले. गादीला घट्ट बसणारी इलॅस्टिकची चादर, पांघरायची चादर, दोन अभ्रे, दोन मोठे टॉवेल, दोन छोटे, एक पायपुसणं. हा एका पलंगाचा जोड. प्रत्येक बंगल्याची वेगळी पिशवी, वर नंबर.

मी तेव्हा एका प्रवासी कंपनीच्या ऑफिसात होते. तिथे मैत्रिणींना सांगायचे, "आमच्या आई हॉस्पिटॅलिटीत आहेत." घरी येऊन त्याच आईंनी धुतलेल्या टॉवेलला तोंड पुसायचे. पुढे ऑफिस दुसऱ्या शहरात गेलं, मी घरी बसले, आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी गाडीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "गाडी चालवता येते ना तुला? मग चल." अशी मीही हॉस्पिटॅलिटीत आले.

पाहुणे अकराला निघतात, नवे दोनला येतात. मधल्या तीन तासांत सात बंगल्यांची अंथरुणं उलटीपालटी करायची. पहिले सहा महिने मला फक्त डाग ओळखायला शिकवलं गेलं. लिपस्टिकला आधी कोरडं घासायचं. उन्हात लावायच्या क्रीमचा डाग आधी दिसतच नाही, इस्त्रीखाली पिवळा होऊन वर येतो. रक्ताला गार पाणी. "गरम लावलंस की तो डाग जन्माचा सोबती," असं म्हणून त्या प्रत्येक अभ्रा नाकाशी धरून बघायच्या. एकदा एक कुटुंब आमचे दोन मोठे टॉवेल घेऊन गेलं आणि बदल्यात स्वतःचे दोन विरलेले टॉवेल नीट घड्या घालून ठेवून गेलं. सासूबाईंना राग यायच्या ऐवजी हसू आलं. "घड्या बघ किती सुरेख घातल्यात," म्हणाल्या.

पाहुण्यांशी मात्र बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. "आपण त्यांच्या अंथरुणात हात घालतो. तेवढी ओळख पुष्कळ झाली." समोर कुणी आलंच तर हसायचं, पिशवी उचलायची आणि निघायचं.

या कामाच्या सहाव्या वर्षी, हंगाम सरत आला असताना, पाच नंबरच्या बंगल्यात वडील आणि मुलगी असे दोघंच आठ दिवसांसाठी आले. मुक्काम मोठा असला की चौथ्या दिवशी चादरी बदलायच्या असतात. आम्ही गेलो तर मागच्या व्हरांड्यातून घुर्र असा आवाज येत होता. मुलगी, म्हणजे पन्नाशीची बाई, कठड्यावर आमची चादर पसरून ती केस वाळवायच्या यंत्राने वाळवत होती. आम्हाला बघून तिने ते यंत्र पाठीमागे लपवलं. वायर मात्र समोर लोंबत राहिली.

"कॉफी सांडली," ती म्हणाली. "मीच धुतली. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास."

चादरीला न्हाणीघरातल्या गुलाबी साबणाचा वास येत होता. दोरीवर तीन मोठे टॉवेल ओले होते.

"कॉफी फार चिवट असते," सासूबाई म्हणाल्या. "द्या इकडे."

आत वडिलांच्या गादीवर नुसताच एक टॉवेल पसरला होता. त्याखाली काहीतरी कुरकुरलं. वाणसामानाच्या प्लास्टिकच्या पिशव्या उभ्या फाडून अंथरल्या होत्या. सासूबाईंनी गादीच्या मध्यावर तळहात टेकवला, क्षणभर तसाच ठेवला आणि टॉवेल पुन्हा सारखा केला. खिडकीशी खुर्चीत वडील बसले होते. कडक इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. आपल्याला तळ्यावर लक्ष ठेवायचं काम दिलं आहे अशा चेहऱ्याने ते बाहेर बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

गाडीत बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "घरी चल."

"अजून दोन बंगले राहिलेत, आई."

"ते थांबतील."

तळ्याला वळसा घालून घरी यायला वीस मिनिटं लागतात. अर्ध्या रस्त्यात त्या समोर बघतच म्हणाल्या, "तुला सांगितलं नाही कधी. मोठ्या आईंनी अंथरूण धरलं त्या पहिल्या वर्षीची गोष्ट. एका सकाळी तिसरी चादर ओली केली त्यांनी. मी म्हटलं, 'आत्ता तर बदलली होती ना?' एवढंच म्हटलं. ओरडले वगैरे नाही. त्या दिवसापासून त्यांनी दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं. मी पेला द्यायची, त्या ओठाला लावायच्या आणि परत द्यायच्या. मला वाटायचं, म्हातारपणात तहान कमी होत असेल. महिन्याने एकदा ओठाला तूप लावायला गेले तेव्हा हाताला कळलं, ओठ कसे झालेत ते." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्या खुर्चीतल्या माणसाचे ओठ बघितलेस?"

मी बघितले नव्हते.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरून एक गठ्ठा काढला. आजेसासूबाईंची मेणकापडं. मला वाटलं होतं, ती कधीच टाकून दिली असतील. पुसली, पावडर लावली, गुंडाळी केली. मग जरा विचार करून जेवणाच्या टेबलावरचं द्राक्षांच्या चित्रांचं मेणकापडही ओढलं. मीठ-लोणच्याच्या बाटल्या मी घाईघाईने उचलल्या म्हणून वाचल्या.

"हे कशाला?"

"दोन पलंग आहेत ना तिथे."

दुपारच्या आत आम्ही पुन्हा पाच नंबरच्या दारात. मुलीचा चेहरा उतरला. सासूबाई आवाज चढवून, खिडकीतल्या खुर्चीपर्यंत पोचेल असं म्हणाल्या, "आठवडाभर राहणाऱ्यांच्या गाद्या आम्ही वेगळ्या पद्धतीने घालतो. सकाळी विसरलोच. तळ्याची हवा दमट, गादी खराब होते." तीन वर्षं त्यांच्याबरोबर अंथरुणं घालत होते मी. ही पद्धत मीही पहिल्यांदाच ऐकत होते.

त्यांनी गादीवर आधी मेणकापड घातलं, त्यावर चादर, त्यावर दुसरं मेणकापड आणि त्यावर आणखी एक चादर. दोन थर. मुलीला त्या हळू आवाजात सांगत होत्या, "वरचा थर गुंडाळून काढला की खालचं अंथरूण तयार. दोन मिनिटांचं काम. काढलेली चादर या पिशवीत टाकायची. धुवायची नाही. धुवायचं काम माझं आहे."

मुलीच्या हातात उशीचा अभ्रा होता. तो ती नुसताच धरून उभी होती.

"झोप लागते का?" सासूबाईंनी विचारलं.

"बाबांना? हो, तशी—"

"तुम्हाला."

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि तिने तो अभ्रा डोळ्यांना लावला. सासूबाईंनी तिला रडू दिलं, तोवर दुसऱ्या पलंगाची गादी मला उचलायला लावली. त्या पलंगावर मुलगी झोपत होती. त्यालाही तसेच दोन थर. मेणकापडं कमी होती म्हणून वरच्या थराला द्राक्षं. बापाने बघितलं तर दोन्ही पलंग सारखे दिसायला हवेत, एवढ्यासाठी आमचं जेवणाचं टेबल उघडं पडलं होतं. निघताना त्यांनी पाण्याचा तांब्या भरून खुर्चीशेजारी ठेवला आणि भिंतीकडे बघत म्हणाल्या, "इथलं पाणी गोड आहे. पुष्कळ प्यावं."

त्यानंतर आम्ही रोज जाऊन पिशवी घेऊन यायचो. सातव्या दिवशी वडील व्हरांड्यात एकटेच होते. मुलगी तळ्याभोवती फिरायला गेली होती. आल्यापासून पहिल्यांदाच.

"बसा," ते सासूबाईंना म्हणाले.

"उभीच बरी आहे मी."

"उभ्या माणसाच्या तोंडात मला नीट दिसत नाही. बसा. मी दातांचा डॉक्टर होतो." त्यांचा आवाज बारीक होता, पण ऐकायची सवय असलेल्या नव्हे, ऐकवायची सवय असलेल्या माणसाचा होता. "डावीकडची खालची दाढ. तुम्ही त्या गालाने हसत नाही. किती दिवस दुखतेय?"

सासूबाई बसल्या. मलाही ठाऊक नव्हतं की त्यांची दाढ दुखते. पुढे कळलं, पाच महिने लवंग धरून दिवस काढत होत्या.

"मोबाइलचा दिवा लावा," डॉक्टर मला म्हणाले. "आ करा. आणखी." चहाचा कप धरताना थरथरणारे त्यांचे हात मी रोज बघत होते. सासूबाईंची हनुवटी धरली तेव्हा ते थरथरत नव्हते. "काढावी लागणार नाही. पण आणखी दोन महिने थांबलात तर मी असं म्हणणार नाही. इथे जवळ कुणी असेल त्याच्याकडे या आठवड्यात जा."

"दुखेल का?"

"नाही." मग त्यांनी हनुवटी सोडली. "खोटं बोललो. थोडं दुखेल. चाळीस वर्षं मी माणसांना 'दुखणार नाही' म्हणत आलो. त्यामुळे दुसरं कुणी तसंच बोलायला लागलं की मला लगेच ओळखू येतं." ते पुन्हा तळ्याकडे बघायला लागले. "माझ्या मुलीच्या चादरीखाली द्राक्षं आहेत."

सासूबाईंनी पदर सारखा केला. "तळ्याची हवा दमट असते," त्या म्हणाल्या.

"असते," डॉक्टर म्हणाले. "फारच दमट असते."

आणि दोघंही हसले. सासूबाई उजव्या गालाने.

दोघं घरी परत गेले त्या दिवशी मालकीणबाई स्वतः बघायला आल्या. थर घालायच्या आधीच्या तीन दिवसांत गादीला डाग पडला होता, आणि आम्ही ती उन्हात काढली होती. मालकीणबाईंचा नियम होता की गादीवर डाग दिसला की फोटो काढायचा आणि बुकिंगच्या ॲपवर पाहुण्याच्या नावापुढे शेरा लिहायचा, म्हणजे दुसरे बंगलेवालेही सावध होतात. त्यांनी फोन बाहेर काढला.

"कसला डाग हा?"

"चहा. माझ्या हातून सांडला."

"मावशी, सहा वर्षांत तुमच्या हातून पाण्याचा थेंब सांडलेला मी बघितला नाही."

"चहा नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण गादी मी होती तशी करून देते. त्यांच्या नावापुढे काही लिहू नका."

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

"त्यांनी काय मोडलं? नळ चालू ठेवून गेले? भिंतीवर रेघोट्या ओढल्या? माणसाचं वय झालंय, एवढंच. तेच लिहायचं असेल तर लिहा, आणि त्याच्याखाली माझंही नाव घाला. मलाही त्याच वाटेने जायचंय. तुम्हालाही."

मी गाडीच्या दाराशी पिशव्या धरून उभी होते. मला वाटलं, संपलं, सातही बंगले गेले. मालकीणबाईंनी फोन पर्समध्ये टाकला. "सोमवारी गादी जागेवर हवी," म्हणाल्या, आणि मागे न बघता निघून गेल्या. सोडा, व्हिनेगर आणि तीन दिवसांचं कडक ऊन. गादी सोमवारी जागेवर होती. आणि त्याच आठवड्यात मी सासूबाईंना धरून दाताच्या दवाखान्यात नेलं. थोडं दुखलं.

दुसऱ्या वर्षी त्याच सुमाराला घरी फोन आला. त्या मुलीचा. मालकीणबाईंना करायच्या आधी तिने आम्हाला केला होता. "मावशी, बाबा विचारतायत, यायचं का?" सासूबाई म्हणाल्या, "यायचं." मालकीणबाईंनी पाच नंबर दिला. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

त्या मुलीने आपल्या मैत्रिणीला सांगितलं, मैत्रिणीने आणखी कुणाला. फोन यायला लागले. एकीचा चौदा वर्षांचा मुलगा होता, जन्मापासून चालू न शकणारा. एक बाई ऑपरेशननंतर पहिल्यांदा बाहेर पडत होत्या. फोनवर ही माणसं फार वेळ हवापाण्याचंच बोलत राहायची. सासूबाई ऐकून घ्यायच्या आणि मग मध्येच म्हणायच्या, "जास्तीचा जोड ठेवू ना?" पलीकडचं हवापाणी तिथेच संपायचं. मग, "हो. ठेवाल का?" इतकंच. आता कपाटातला एक पूर्ण कप्पा त्यासाठी आहे.

मालकीणबाईंनी पुढे ॲपवर ओळ टाकली, 'ज्येष्ठ व आजारी व्यक्तींसाठी विशेष सोय'. मला संताप आला. एवढं सगळं आपण केलं आणि जाहिरात यांची. सासूबाई मटार सोलत होत्या. "लिहू दे की," म्हणाल्या. "वाचून येईल कुणीतरी. घरात बसून राहण्यापेक्षा बरं."

दातांचे डॉक्टर एकूण तीनदा येऊन गेले. दर वेळी व्हरांड्यात सासूबाईंचे दात बघायचे, आणि तिसऱ्या वर्षी माझेही. चौथ्या वर्षी मुलगी एकटीच आली, एका रात्रीपुरती. आम्ही पिशवी घेऊन गेलो तर म्हणाली, "मला तुमच्याबरोबर अंथरूण घालू द्याल?"

मी बाजूला झाले. सासूबाई एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. तिच्या हाताला सगळं येत होतं. कोपरा कसा दुमडायचा, चादर कशी ओढून घ्यायची, सगळं.

"घरी शेवटचे सात महिने रोज घातलं," ती म्हणाली. "दोन थर. शेवटपर्यंत कोरडे होते ते. पाणीही पीत होते."

सासूबाई पलंगाला वळसा घालून तिच्याकडे गेल्या आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पाहुण्यांशी बोलायचं नाही वगैरे नियम काही आठवला नाही त्यांना त्या दिवशी.

मागच्या थंडीत माझ्या नवऱ्याने डोंगरावरच्या एका बंगल्यात दोन दिवसांचं बुकिंग केलं, आम्हा तिघांसाठी. सासूबाईंनी बॅगेत स्वतःच्या चादरी भरल्या. मी त्या काढून ठेवल्या. त्यांनी परत भरल्या. शेवटी मी गाडी सुरू झाल्यावर सांगितलं की चादरी घरीच आहेत. अर्धा तास त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिथे पोचल्यावर त्यांनी पांघरूण वर करून गादीचा कोपरा बघितला, अभ्र्याचा वास घेतला, टॉवेलची शिवण अंगठ्याने चाचपली. "काम चांगलं आहे," म्हणाल्या. "इस्त्री जरा घाईची. एकटीच असेल बिचारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजले तरी त्या उठल्या नाहीत. लग्न झाल्यापासून मी त्यांना सहानंतर अंथरुणात बघितलेलं नव्हतं. नवरा काळजीत पडला, मला म्हणाला, "जाऊन बघ." मी दार लोटलं. सासूबाई पलंगावर आडव्यातिडव्या, दोन्ही उशा कवेत घेऊन गाढ झोपल्या होत्या. तोंड जरासं उघडं. मी चहा टेबलावर ठेवला तेव्हा कपाच्या आवाजाने जाग्या झाल्या आणि ओशाळून उठायला लागल्या.

"पडा हो आई. काही काम नाहीये आज."

त्या परत पडल्या. छताकडे बघत राहिल्या. "दुसऱ्या कुणी घातलेल्या अंथरुणात झोप वेगळीच लागते गं," म्हणाल्या. "मला कुणी सांगितलंच नव्हतं."

चहा गार झाला तरी त्यांनी कप उचलला नाही. मग पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेत, नेहमीपेक्षा जरा हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आणखी एक दिवस राहता येईल का?"

नवऱ्याने फोन लावला. बंगला रिकामा होता. आम्ही राहिलो.